दारू सोडूं इच्छिणारांची सभा व ती शोधण्याची रीत

दारूच्या दुष्परिणामांवर पुष्कळ लिहिलें व बोललें जातें. परंतु ज्याला ती खरोखर सोडावयाची आहे त्यानें उद्यां सकाळीं जावें कोठें, हें सांगणारा मजकूर क्वचितच दृष्टीस पडतो. शिरपूर तालुक्यांतील शेतकरी बंधूंच्या उपयोगास यावें म्हणून त्याविषयीं येथें थोडें लिहितों.

महसूल खात्यांत असतां फेरफाराच्या असंख्य नोंदी माझ्या हातांखालून गेल्या. विक्रीचें खरें कारण लिहिण्यास त्या वहींत रकाना नसतो. तथापि गांवांत दोन दिवस काढले म्हणजे कोणतें शेत कशापायीं गेलें तें कळून येतें. पोळ्याला शपथ घेऊन दिवाळीला मोडणारा मनुष्य सर्वांच्याच ओळखीचा असतो. त्याला आपण नादान म्हणून मोकळे होतों. वास्तविक दारूची आसक्ति हा वैद्यकशास्त्रानें रोग मानलेला आहे, आणि एकट्याच्या निश्चयावर तो हटविणें फार कठीण जातें.

'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही मंडळी याच अनुभवांतून निघाली. इ. स. १९३५ च्या मे महिन्यांत विल्यम विल्सन नांवाचे शेअरबाजारांतील गृहस्थ अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं कामासाठीं गेले होते. काम फसलें. दारू सुटून त्यांना जेमतेम पांच महिने झालेले, आणि हॉटेलांतील मद्यालय समोरच! तेव्हां त्यांनीं टेलिफोन उचलला व अनोळखी पाद्र्याकडे चौकशी आरंभिली कीं, या गांवीं दारूनें गांजलेला कोणी असेल तर मला त्याच्याशीं बोलावयाचें आहे. त्या चौकशींतून डॉक्टर रॉबर्ट स्मिथ यांची गांठ पडली. १० जून १९३५ हा मंडळीचा स्थापनादिन मानतात. म्हणजे पहिली सभा अवघी दोघांची, आणि तीहि शोधूनच सांपडलेली. भारतांत हें कार्य १९५७ पासून चालू आहे.

एकत्र जमून दारू सोडण्याची ही रीत खानदेशाला अगदींच परकी नव्हे. १९३७-३८ सालीं तळोदे तालुक्यांतील मोरवड येथें गुलाम महाराजांच्या आरतीस जमणाऱ्या आदिवासी बांधवांनीं दारू सोडली होती, हें पश्चिम खानदेशांतील वृद्धांकडून आपण ऐकलेंच असेल.

आतां शोध कसा करावा तें पाहूं. या सभेला सर्वत्र 'एए मीटिंग' म्हणतात. चौकशी करतांना हाच शब्द वापरावा. धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागांत किंवा जवळच्या व्यसनमुक्ति केंद्रांत विचारावें. पुण्याचें 'मुक्तांगण', जें डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं सुरू केलें, तेथेंहि विचारणा करतां येते. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा दूरध्वनि १४४४६ आणि मानसिक आरोग्याचा 'टेलि-मानस' १४४१६ हे दोन्ही विनामूल्य आहेत. एए मंडळीची भारतांतील सभांची यादी इंटरनेटवर मिळते. घरांतील शिकलेल्या मुलास ती पाहावयास सांगावी. सभेचा वार व जागा बदलत असते, सबब निघण्यापूर्वीं फोन करून खात्री करून घ्यावी. सभा बहुधा सायंकाळीं भरते, तेव्हां परतीच्या बसची वेळहि आधींच पाहून ठेवावी.

तेथें काय होतें? कोणी व्याख्यान देत नाहीं. ज्याला बोलावयाचें तो आपली हकीकत सांगतो, इतर ऐकतात. मध्येंच कोणी उपदेश करीत नाहीं. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. वर्गणी नाहीं, बाहेरची देणगीहि घेत नाहींत; खर्चापुरते पैसे सभासदच स्वखुषीनें टाकतात. पूर्ण नांव सांगण्याची सक्ति नाहीं व तेथें ऐकलेलें बाहेर बोलावयाचें नाहीं असा दंडक आहे. नोंदवह्यांत जन्म घालविलेल्या मजसारख्याला हा कारभार अजब वाटतो खरा, पण शिरपूरसारख्या ठिकाणीं, जेथें चहाच्या टपरीवर बसलेल्याचें सात पिढ्यांचें नांव लोकांना ठाऊक असतें, तेथें त्याची किंमत मोठी आहे. ओळखीचें कोणी भेटेल असा संकोच वाटल्यास मुद्दाम परगांवच्या सभेस जावें. धुळें मुंबई-आग्रा रस्त्यानें सुमारें ५० किलोमीटर आहे. बाजाराला आपण तेवढें जातोंच.

एक सूचना मात्र विसरूं नये. जो वर्षानुवर्षें रोज भरपूर पितो त्यानें एकाएकीं दारू बंद केल्यास हातपाय कांपणें, झटके येणें, भ्रम होणें असे प्रकार पहिल्या कांहीं दिवसांत होऊं शकतात, व त्यांत प्राणहि जाऊं शकतो. अशानें आधीं डॉक्टरांस दाखवावें. सभा हा औषधोपचार नव्हे.

जवळपास सभाच नसेल तर? दारू सोडूं इच्छिणारे दोघे जरी नियमानें एकत्र बसले तरी त्यांचा गट होऊं शकतो, असें या मंडळीचें म्हणणें आहे. शाळेची एक खोली आठवड्यांतून तासभर मिळाली कीं काम भागतें. आमच्या सोसायट्यांच्या पंचांनीं एवढी खोली द्यावी आणि आंत कोण बसतो हें विचारूं नये.

पिणारा येण्यास तयार नसल्यास घरच्यांनीं वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. कुटुंबीयांसाठीं 'अल-ॲनॉन' ही निराळी मंडळी १९५१ पासून आहे. तिच्या सभेस पत्नी, आई, वयांत आलेला मुलगा यांपैकीं कोणीहि एकटें जाऊं शकतें.