देवघरांतील तरवार आणि तिच्यावरील खुणा

खंडेनवमीच्या दिवशीं कऱ्हाड-साताऱ्याकडील कित्येक जुन्या वाड्यांतून एखादी तरवार माळ्यावरून किंवा देवघराच्या कोनाड्यांतून खालीं येते. तिला राखेनें घांसतात, धुतात, गंधाचा टिळा लावतात, झेंडूचीं फुलें वाहतात, आणि पूजा आटोपली म्हणजे ती पुन्हां म्यानांत जाते. घरांतील वडील माणसें मुलांना सांगतात, ‘ही आपल्या खापरपणज्यांची, पानिपतावर होती.’ मुलें तें ऐकतात व मोठीं झालीं म्हणजे आपल्या मुलांना तेंच सांगतात. या सर्व प्रकारांत एक गोष्ट मात्र सहसा कोणी करीत नाहीं. ती म्हणजे तरवार उजेडांत आडवी धरून तिच्या पात्यावर काय उमटविलें आहे तें वाचणें.

ब्राह्मणाच्या घरीं तरवार असण्यांत आपल्या भागांत तरी नवल नाहीं. ज्यांच्या ताब्यांत कऱ्हाड होतें ते पंतप्रतिनिधि मूळचे किन्हईचे कुळकर्णी. परंतु राजाराम व ताराबाई यांच्या काळांत परशुराम त्रिंबक यांची लेखणी जशी चालली तशी तरवारहि चालली. पुढें पेशवाईच्या उतरत्या काळांत प्रतिनिधींचें आणि बापू गोखल्यांचें युद्ध झालें तें कऱ्हाडजवळच्या वसंतगडाच्या परिसरांतच. अशा मुलुखांत कारकुनाच्या दप्तराशेजारीं शस्त्र असावें हें स्वाभाविक आहे. आश्चर्य वाटतें तें याचें कीं, दप्तरांतील मोडी कागद आपण भिंग लावून वाचतों, पण त्याच दप्तराशेजारची तरवार हाहि एक दस्तऐवजच आहे, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं.

तरवारीवरील खुणांचे सामान्यतः चार वर्ग पडतात. पहिली खूण करणाराची, म्हणजे तें पातें कोणीं किंवा कोठें घडविलें त्याची. दुसरी मालकाची किंवा शस्त्रागाराची. तिसरी तपासणाराची. चौथी श्रद्धेची, म्हणजे देवाचें नांव, मंत्राक्षरें किंवा यंत्र. प्रत्येक वर्गाची खूण एकाच प्रश्नाचें उत्तर देते. घोंटाळा होतो तो बहुधा यामुळें कीं, आपण करणाराच्या खुणेला मालकाचें नांव विचारतों.

या चारी वर्गांची ओळख करून घेण्यास सर्वांत सोपें पुस्तक म्हणजे इंग्रजी आरमाराची जुनी तरवार, जिला ते लोक कटलस म्हणतात. ती आंखूड व जड असते. कारण गलबताच्या दोरखंडांच्या गर्दींत लांब पातें फिरवितां येत नाहीं. १८०४ सालच्या नमुन्याचें पातें सरळ व सुमारें २९ इंच लांबीचें असून हाताचें रक्षण करणारा लोखंडी पत्रा इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखा दोन चकत्यांचा असतो, आणि त्याला गंजूं नये म्हणून काळें रोगण दिलेलें असतें. पात्यावर मुठीजवळ मुकुट व त्याखालीं ‘जी. आर.’ हीं अक्षरें असतात. तीं जॉर्ज राजाचीं. पुढील काळांतील कटलसांवर रुंद बाणाचा ठसा वारंवार दिसतो. तो बाण म्हणजे सरकारी मालाची खूण होय. बाणाबरोबर ‘बी. ओ.’ हीं अक्षरें असलीं तर ती वस्तु १८५५ पूर्वींची समजावी, कारण त्या सालीं ‘बोर्ड ऑफ ऑर्डनन्स’ हें खातें मोडलें, त्यानंतर ‘डब्ल्यू. डी.’, म्हणजे युद्धखात्याचीं अक्षरें आलीं. बाणाखालीं ‘आय’ हें अक्षर असेल तर तो माल हिंदुस्थान सरकारचा होता. दोन बाण टोंकाला टोंक लावून उमटविलेले दिसले तर ती वस्तु सरकारी सेवेंतून बाद करून विकून टाकलेली आहे असें जाणावें.

लहानसा मुकुट, त्याखालीं एखादें अक्षर व आंकडा, ही तपासनिसाची खूण. तिच्याजवळ कधीं कधीं फुलीहि असते. ती पातें वांकवून पाहिल्याची व तें न मोडतां पुन्हां सरळ झाल्याची साक्ष होय. ही परीक्षा उगीच घेत नसत. १८८५ सालीं सुदानांतील लढाईंत इंग्रज शिपायांच्या संगिनी वांकल्या, विलायतेंत मोठा बोभाटा झाला आणि मग आरमाराच्या कटलसांचीहि कसून चौकशी झाली. मुठीच्या पत्र्यावर जो निव्वळ आंकडा असतो तो बहुधा गलबतावरील किंवा कोठींतील घडवंचीचा अनुक्रम असतो. त्याला साल समजूं नये. १९३६ सालीं ब्रिटिश आरमारानें नित्याच्या उपयोगांतून कटलस काढून टाकली. तेव्हां या शस्त्राचा सारा जन्मकाळ, त्याची परीक्षा, सेवा व निवृत्ति हीं सर्व त्याच्याच अंगावर लिहिलेलीं असतात. मात्र तें कोणत्या खलाशाच्या हातीं होतें हें त्यावर बहुधा कोठेंहि लिहिलेलें नसतें.

ही लिपि एकदां समजली म्हणजे आपल्याकडे जुन्या बाजारांत होणारी एक फसवणूक चटकन ओळखूं येते. इंग्रजी कटलसीची मूठ काढून तिला देशी मूठ बसवावी व ती ‘आंग्र्यांच्या आरमारांतील’ म्हणून विकावी, हें फारसें कठीण नाहीं. परंतु मुठीजवळ बाण किंवा मुकुट दिसला कीं सोंग उघडें पडतें. विजयदुर्ग इंग्रजांच्या हातीं पडला तो १७५६ सालीं. १८०४ च्या नमुन्याची तरवार त्या लढाईंत असणें शक्य नाहीं. त्याचप्रमाणें तिरप्या फुलीनें चार भाग केलेलें हृदयाचें चित्र, त्या भागांत ‘व्ही. ई. आय. सी.’ हीं अक्षरें आणि माथ्यावर चाराचा आंकडा, ही ईस्ट इंडिया कंपनीची जुनी खूण बंदुकांवर आढळते. सुमारें १८०८ पासून तिच्या जागीं मागच्या पायांवर उभा असलेला सिंह आला. ती आपल्या घरच्या शस्त्रावर दिसली तर तें शस्त्र कंपनीच्या कोठींतून आलेलें आहे, मग घरची कथा कांहीं असो.

आतां आपल्या मराठी तरवारींकडे वळूं. येथें लिपि अधिक गुंतागुंतीची आहे. ज्या सरळ, लांब तरवारीस आपण ‘फिरंग’ म्हणतों तिचें नांवच तिची हकीकत सांगतें. मूठ देशी, पण पातें फिरंग्यांच्या देशांतून समुद्रमार्गें गोंवा व इतर बंदरांत उतरलेलें. या पात्यांवर तीन खुणा विशेष पाहण्यासारख्या असतात. एक, धांवणारा लांडगा. हा मूळचा जर्मनींतील पासाऊ शहराच्या कारागिरांचा, पुढें झोलिंगेनच्या कारागिरांनींहि तो उचलला. दुसरी, ‘आंद्रेआ फेरारा’ हें नांव. हा सोळाव्या शतकांतील इटलीच्या बेल्लूनो गांवचा प्रसिद्ध कारागीर. तिसरी, एकमेकांकडे तोंड केलेल्या व कडेला दांते असलेल्या दोन चंद्रकोरी. ही इटलींतील जिनोव्हाची मानतात.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. फेरारा हें नांव इतकें नांवाजलें कीं, त्याच्या मरणानंतरहि झोलिंगेनचे लोहार तें शेंकडों पात्यांवर उठवीत राहिले. चंद्रकोरी तर युरोपांत ठिकठिकाणीं, काकेशस पर्वतांत व आपल्या देशांतहि नकलल्या गेल्या. पातें चांगलें आहे अशी गिऱ्हाइकाची खात्री पटविण्याचा तो एक शिक्काच होऊन बसला. इराणी पात्यांची गत हीच. इस्फहानच्या असदुल्लाचें नांव ज्यांवर आहे अशा साऱ्या तरवारी एका माणसानें घडविल्या असें मानलें तर त्याला दोनशें वर्षांचें आयुष्य द्यावें लागेल! म्हणून अशी खूण दिसली तर ‘हें पातें याच घराण्याचें’ असें न म्हणतां ‘या घराण्याच्या कीर्तीचें’ एवढेंच म्हणावें, आणि मग लोखंडाचा पोत, खोबणीची घडण व ठशाची सफाई पाहून निर्णय करावा.

श्रद्धेच्या खुणांची कथा याहून मनोरंजक आहे. दक्षिणेंतील व इराणी पात्यांवर एक लहानसा चौकोन कधीं कधीं आढळतो. त्याच्या चार घरांत अरबी अक्षरें किंवा २, ४, ६, ८ हे आंकडे असतात. तो शत्रूंची मोजदाद नसून रक्षणाचें यंत्र आहे. उलटपक्षीं, कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६ च्या सुमारास इंग्लंडच्या युवराजांस नजर झालेली व आज तेथील राजसंग्रहांत असलेली ‘जगदंबा’ तरवार घ्या. शिवाजी महाराजांची म्हणून ती परंपरेनें ओळखली जाते. तिचें पातें युरोपीय असून त्यावर ‘आय. एच. एस.’ हीं अक्षरें तीनदां उठविलेलीं आहेत; तीं येशूच्या ग्रीक नांवाचीं आद्याक्षरें होत. ख्रिस्ती कारागिरानें आपल्या देवाचें नांव घालून घडविलेलें पातें मराठ्यांच्या घरीं जगदंबेच्या नांवानें पूजलें गेलें! यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. उत्तम लोखंड जेथें मिळेल तेथून घ्यावें व आपल्या कार्यास लावावें, हाच त्या काळचा शहाणपणा होता.

मालकाच्या खुणांत सर्वांत बोलका नमुना अलीकडेच आपल्यापुढें आला. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या नांवाची एक तरवार २०२५ च्या एप्रिलांत लंडनच्या लिलांवांत निघाली. महाराष्ट्र सरकारच्या प्रयत्नानें ती घेतली गेली आणि ऑगस्टांत मुंबईस आली. तिचें पातें युरोपीय धाटणीचें, आणि त्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत राघोजी भोसल्यांचें नांव, ‘सेनासाहेबसुभा’ हा त्यांचा किताब व ‘फिरंग’ हा शब्द आहे. ही एक ओळ पाठीवर नसती तर लंडनांत ती तरवार ‘एक दक्षिणी शस्त्र’ म्हणून विकली गेली असती, व तिची वार्ताहि आपल्या कानीं आली नसती. दुसरें उदाहरण बिकानेरच्या शस्त्रागाराचें. १६८९ सालीं अदवानी काबीज झाली तेव्हां महाराजा अनुपसिंहांनीं तेथील जीं शस्त्रें नेलीं, त्यांवर बारीक टिंबे ठोकून देवनागरींत तशी नोंद केलेली आहे. त्यामुळें तीं आज जगांत कोठेंहि गेलीं तरी जाणकारास आपली जन्मकथा सांगतात.

खुणेचें आणि कथेचें नातें कसें असतें हें पाहावयास कऱ्हाडकरांना दूर जावें लागत नाहीं. जवळच्या तळबीडचे हंबीरराव मोहिते हे १६७४ मध्यें प्रतापराव गुजर पडल्यावर सरनौबत झाले. महाराणी ताराबाई त्यांची कन्या. १६८७ मध्यें वांईजवळच्या लढाईंत ते कामास आले. प्रतापगडच्या भवानीच्या मंदिरांत त्यांची म्हणून जी तरवार दाखवितात तिच्यावर सहा चांदण्या आहेत, आणि प्रत्येक चांदणी म्हणजे शंभर शत्रु असें परंपरा सांगते. आतां देशांतील इतर पात्यांवरहि सोन्याचे किंवा पितळेचे ठिपके जडविलेले आढळतात. म्हणून नुसत्या चांदणीवरून मारलेल्या शत्रूंची संख्या सिद्ध होत नाहीं. पण म्हणून कथा टाकाऊ ठरते काय? मुळींच नाहीं. तिनेंच ती तरवार इतक्या पिढ्या जपली. पातें काय सांगतें आणि माणसें काय सांगतात हें दोन्ही लिहून ठेवावें. मात्र एकाच्या तोंडीं दुसऱ्याचे शब्द घालूं नयेत.

हें सर्व आज निकडीनें सांगण्याचें कारण असें कीं, या खुणा नाहींशा होत आहेत, आणि त्या बव्हंशीं आपल्याच हातांनीं. तंजावरचें मराठी राज्य १८५५ सालीं संपल्यावर तेथील शस्त्रागारांतील निवडक शस्त्रें मद्रासच्या संग्रहालयास मिळालीं आणि बाकीच्यांचे ढीग मोडीचें लोखंड म्हणून विकले गेले. तो परक्या सरकारचा अडाणीपणा म्हणून आपण हळहळतों. पण दरवर्षीं राख, विटेचा भुगा, चिंच किंवा पॉलिशाचा कागद घेऊन आपण जें पातें लखलखीत करतों, त्यावरील अर्धा केस खोल ठसा किती वर्षें टिकेल? तंजावरास जें एका झपाट्यानें झालें तें आपल्या घरीं हप्त्याहप्त्यानें चाललें आहे.

तेव्हां घरोघरच्या कर्त्या माणसांनीं, आणि पूजेचें साहित्य ज्यांच्या हातीं असतें त्या गृहिणींनीं, एवढें करावें. पातें कांहींहि लावून घांसूं नये. मऊ कोरड्या फडक्यानें पुसून तेलाचा अगदीं पातळ हात फिरवावा. ओलें गंध-कुंकू पात्यास न लावतां मुठीस किंवा म्यानास लावावें, कारण ओलाव्यानें रात्रींत गंज चढतो. चामड्याच्या म्यानांत तरवार बारमहा ठेवूं नये. तिरप्या उजेडांत पात्याच्या दोन्ही बाजू, पाठ, मुठीची वाटी व तिच्या आंतील भाग पाहावा. खूण दिसल्यास तिच्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीनें छाप घ्यावा, आणि मोबाईलनें छायाचित्र काढावें. सोबत एका कागदावर लांबी, खुणेची जागा, तरवार घरांत कोणाकडून आली व तिच्याविषयीं काय सांगतात, तें तारीख घालून लिहावें. वाचन लागत नसेल तर साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या संग्रहालयांतील जाणकारांस विचारावें. दारावर आलेल्या खरेदीदारास विचारूं नये. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तु १९७२ च्या पुराणवस्तूंच्या कायद्यान्वयें खाजगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहीं, हेंहि परदेशीं असलेल्या मुलालेंकींना सांगून ठेवावें.

वाटण्या होतात, वाडे पडतात, भावंडें पांच गांवीं पांगतात, आणि तरवार कोणातरी एकाच्याच वांट्यास जाते. परंतु तिच्यावरील अक्षरांची व तिच्या हकीकतीची नक्कल सर्वांच्या दप्तरीं राहूं शकते. ती करून ठेवण्यास एक दुपार पुरते.