फोनवरची भीती आणि आपला रक्तदाब

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडला तेव्हा बाकावर एक निवृत्त गुरुजी पत्नीसह बसले होते. माझे जुने पेशंट. रक्तदाबाची गोळी कधी न चुकवणारे. त्या दिवशी मात्र चेहरा उतरलेला, तळहातांना घाम, छातीत धडधड. रक्तदाब भरला १९०/११०. कार्डिओग्राम काढला, त्यात नवीन काही नव्हते.

"गुरुजी, गोळी चुकली का?"

"नाही डॉक्टर."

"झोप लागते?"

यावर ते गप्प. बाईच म्हणाल्या, "तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. मोबाइल घेऊन खोलीत बसतात, दार लावून घेतात. विचारलं तर अंगावर येतात."

बाईंना बाहेर बसवून पुन्हा विचारले, तेव्हा गुरुजी हळूच म्हणाले, "डॉक्टर, लवकर सोडा. मला एक तासाचीच परवानगी आहे."

परवानगी कोणाची? तर मोबाइलवर दिसणाऱ्या एका गणवेशधारी 'साहेबां'ची! तुमच्या आधार क्रमांकावर अमली पदार्थांचे पार्सल सापडले आहे, तुम्हाला 'डिजिटल अरेस्ट' केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, घरात कोणाला सांगायचे नाही, तपासणीसाठी पैसे 'सरकारी खात्यात' भरा, निर्दोष ठरलात की परत मिळतील. आयुष्यभर कोणाचा एक रुपया न बुडवलेल्या माणसाने दोन लाख भरले होते. राहिलेली ठेव त्याच दुपारी मोडायची होती.

भीती काय करते?

वाचकहो, गुरुजी भोळे नव्हते, अडाणी तर नव्हतेच. पण अचानक मोठी भीती वाटली की शरीरात अॅड्रिनॅलिन हे द्रव्य वाढते. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, मधुमेह्याची साखरही वाढते. संकटातून पळण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय. मात्र अशा वेळी शांतपणे विचार करणे जमत नाही. समोरचा सांगेल ते माणूस करत जातो. त्यात झोप नाही आणि बोलायला कोणी नाही, म्हणजे विचारशक्ती आणखी मंदावते. ठगांना हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच ते दोन गोष्टींवर जोर देतात: 'आत्ताच्या आत्ता' आणि 'कोणाला सांगू नका'. रोगाची जशी लक्षणे, तशी ही फसवणुकीची दोन मुख्य लक्षणे समजावीत.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय कोणालाही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, आणि तपासणीसाठी पैसे मागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधूनही हाच इशारा दिला होता.

आजाराच्या नावाखालीही

आजारी माणूस आणि त्याचे घरचे घाईत असतात, म्हणून तेही सावज ठरतात. मोठ्या शहरातल्या रुग्णालयाची वेळ घ्यायची म्हणून इंटरनेटवर नंबर शोधला जातो. कधी तो नंबर ठगाचाच निघतो. "नोंदणीचे फक्त दहा रुपये भरा," म्हणून तो एक लिंक पाठवतो. तिच्यातून मोबाइलमध्ये एक अॅप शिरते आणि बँकेचे संदेश, ओटीपी त्याच्या हाती जातात. म्हणून रुग्णालयाचा नंबर जुन्या केसपेपरवरून किंवा आपल्या डॉक्टरांकडून घ्यावा.

विम्याचा हप्ता थकला, पॉलिसी बंद होणार, असे ई-मेल येतात. नाव कंपनीचे असते, पण पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता नीट वाचला तर तो भलताच निघतो. त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नका. पॉलिसीच्या कागदावरील नंबरवर विचारा. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही घरातल्या सर्वांना सांगून ठेवा.

आणि 'तीस दिवसांत मधुमेह मुळापासून बरा' अशा जाहिराती! मधुमेह, कर्करोग, रक्तदाब बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पैसे जातात ते जातात. पण त्या नादी लागून इन्सुलिन बंद केले, तर जीवावर बेतते.

पहिला तास महत्त्वाचा

हृदयविकाराच्या झटक्यात आम्ही पहिल्या तासाला फार जपतो. इथेही तसेच.

१. फोन बंद करा. पाच मिनिटे बसा, पाणी प्या, सावकाश श्वास घ्या.

२. घरातल्या किंवा शेजारच्या एका तरी माणसाला सांगा.

३. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवा. रक्कम पुढे काढली जाण्याआधी तक्रार पोहोचली, तर ती रोखता येते. मग पोलीस ठाण्यात जा.

४. मेसेज, नंबर, व्यवहाराची नोंद पुसू नका. तो पुरावा आहे.

५. छातीत दुखणे, दम लागणे, एका अंगाची शक्ती जाणे असे काही झाले तर आधी रुग्णालय, मग तक्रार.

गुरुजींच्या बाबतीत दवाखान्यातूनच १९३० ला फोन लावला. भरलेल्या पैशांतले थोडे रोखले गेले, बाकीचे गेले. ठेव मात्र वाचली.

खरा आजार त्यानंतर सुरू झाला. "एवढे शिकलेले असून कसे फसलात?" हे मुलाचे वाक्य त्यांना फार लागले. जेवण तुटले, बाहेर जाणे बंद झाले. फसलेल्या माणसाला आधीच स्वतःची लाज वाटत असते. त्याला बोल लावू नका, एकटे सोडू नका. 'जगण्यात अर्थ नाही' असे शब्द तोंडून आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. तो मोफत असून रात्रीही चालतो.

मुलाला बोलावून मी हे समजावले. दोन-तीन महिन्यांत गुरुजी सावरले, रक्तदाबही आटोक्यात आला. तेव्हापासून साठीपुढच्या प्रत्येक पेशंटच्या चिठ्ठीमागे मी १९३० लिहून देतो. तुम्हीही तो आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर, आईवडिलांना दिसेल असा लिहून ठेवा.