काटेरी जिभेचं काम

ढोकी हे धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणा साखर कारखान्याचं गाव. भोवती ऊस, सोयाबीन, तूर, हरभरा. जिथे धान्याची पोती तिथे उंदीर, आणि उंदरांमागे मांजर आलंच. इथली बहुतेक मांजरं कुणी हौसेनं विकत आणलेली नसतात. ती आपल्या पायांनी घरात येतात आणि घरचीच होतात. दिवसा पोत्यांच्या थप्पीवर झोपतात, रात्री पत्र्यावरून फिरतात, सकाळी दुधाच्या भांड्यापाशी घुटमळतात. अशाच एखाद्या धडधाकट मांजराच्या पोटाखालचे केस हळूहळू दिसेनासे होतात. मांड्यांची आतली बाजू गुळगुळीत होते, कधी पुढच्या पायावर बोटभर उघडी पट्टी दिसू लागते. मांजर खातंय, पितंय, उंदीरही धरतंय. घरातले म्हणतात, उन्हाळ्यामुळे केस गळत असतील.

बहुतेक वेळा ते गळलेले नसतात. मांजरानं ते चाटून चाटून तोडलेले असतात, आणि तेही आपलं लक्ष नसताना, रात्री नाहीतर भरदुपारी कुठल्यातरी कोपऱ्यात. म्हणून घरच्यांनी ते चाटताना पाहिलेलंच नसतं. पशुवैद्य त्या उघड्या जागेच्या कडेचे चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. मुळापासून आपोआप सुटलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. चाटून तुटलेल्याचं टोक ठोसर, फाटलेलं असतं. चार केसांवरून एवढं कळतं याचं मला अजूनही नवल वाटतं.

हे कसं घडतं ते समजायला आधी मांजराची जीभ बघायला हवी. मांजर हात चाटतं तेव्हा खरखर लागते ती जिभेवरच्या काट्यांची. नखं ज्या केराटिनची, त्याचेच हे काटे. मागे वळलेले, सुमारे ३००, मोठे असतात ते दोन-अडीच मिलिमीटर लांबीचे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेत अ‍ॅलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी घरच्या मांजरापासून वाघ-सिंहांपर्यंत सहा जातींच्या जिभा तपासल्या आणि २०१८ मध्ये आपलं निरीक्षण प्रसिद्ध केलं. काट्याचं टोक भरीव नसतं, त्यात एक खाच असते. दौतीत बुडवलेला बोरू जसा शाई धरून ठेवतो, तशी ही खाच लाळ धरून ठेवते आणि केसांच्या दाट थरातून थेट कातडीपाशी नेऊन सोडते. नुसत्या सपाट जिभेची लाळ वरच्या केसांवरच राहिली असती.

ही लाळ वाळताना अंग थंड होतं. मांजराला घाम येतो तो जवळजवळ फक्त तळपायांना. बाकी अंगावर घामाचं काम चाटण्यानं होतं. मांजराला लागणाऱ्या थंडाव्यातला सुमारे पाव भाग या लाळेतून मिळू शकतो, असा नोएल आणि हू यांचा हिशेब आहे. धाराशिव जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा रांजणाच्या ओलाव्याला टेकून अंग चाटत बसलेलं मांजर स्वतःच्या शरीराचं तापमान सांभाळत असतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या केंद्रात रॉबर्ट एकस्टाइन आणि बेंजामिन हार्ट यांनी मांजरांचं चित्रण करून २००० साली वेळेचा हिशेब मांडला. दिवसाचा सुमारे ४ टक्के वेळ, म्हणजे जवळपास तासभर, मांजर अंग चाटण्यात घालवतं. मग त्यांनी काही मांजरांच्या गळ्यात तीन दिवस प्लास्टिकची झालर घातली, तोंड अंगापर्यंत पोचू नये म्हणून. झालर काढल्यावर पहिल्या बारा तासांत चाटणं ६७ टक्क्यांनी वाढलं. अंग मळलेलं नव्हतं, जखम नव्हती. तीन दिवसांचं राहिलेलं चाटणं मांजर भरून काढत होतं. चाटण्याची ओढ मेंदूत घड्याळासारखी आपोआप साठत जाते, असा त्याचा अर्थ. कुरतडणाऱ्या मांजराला झालर घातली की जखम भरते, पण ओढ आत तशीच राहते, ती याच कारणानं. झालर जखमेपुरती ठीक आहे, उपाय म्हणून अपुरी.

हार्ट आणि एकस्टाइन यांचाच दुसरा प्रयोग मला याहून महत्त्वाचा वाटतो. पिसवांनी भरलेल्या घरात काही मांजरांना झालर घातली, काहींना मोकळं ठेवलं. तीन आठवड्यांनी झालरवाल्यांच्या अंगावर मोकळ्या मांजरांच्या दुप्पट पिसवा होत्या. म्हणजे मांजर पिसवा वेचून गिळतं, आणि ज्या मांजराला पिसवांची खाज सर्वांत जास्त, तेच त्या सर्वांत जास्त गिळतं. परिणामी त्याच्या अंगावर एकही पिसू सापडत नाही आणि घरचे ठामपणे सांगतात, आमच्या मांजराला पिसवा नाहीत. ज्या मांजराला पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते, त्याला थोडेसे चावेही पुरतात.

पिसवा आहेत का, याची परीक्षा घरी करता येते. बारीक दातांच्या फणीनं कमरेवरचे, शेपटीच्या बुडाशी असलेले केस विंचरायचे. फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाकायचे. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मांजराच्या गुदद्वारापाशी तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसत असतील, तरी पिसवाच समजा. पिसू गिळल्यानं पोटात जाणाऱ्या पट्टकृमीचे ते तुकडे असतात.

आता मनाकडे. मांजर घाबरलं, गोंधळलं, दोन बाजूंनी ओढलं गेलं की मध्येच थांबून अंग चाटू लागतं. माळवदावर दोन बोके समोरासमोर आले, पळावं की भांडावं ठरेना, की एक जण अचानक पंजा चाटायला बसतो. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी अशा आडवळणाच्या कृतींचा बारकाईनं अभ्यास केला होता. १९५० च्या दशकात इटलीत संशोधक फेरारी यांनी ताणाच्या वेळी मेंदूतल्या ग्रंथीतून सुटणारं एक संप्रेरक प्राण्यांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात सोडलं, तेव्हा प्राणी आळोखेपिळोखे देऊ लागले, जांभया देऊ लागले. पुढे नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या संशोधकांनी दाखवलं की तेच संप्रेरक उंदरांना अंग चाटत बसायला लावतं. त्याच शहरात १९९० च्या दशकात अति चाटणाऱ्या मांजरांना मेंदूतल्या अफूसारख्या द्रव्यांचं काम अडवणारं औषध दिलं, तर चाटणं कमी झालं. म्हणजे ताण आला की चाटावंसं वाटतं, आणि चाटण्यातून मेंदूला काहीतरी सुखावणारं मिळतं. ताण टिकला तर ही सवय टिकते. आधी केस जातात, मग कातडी लाल होते, मग मांजर दातांनी कातडी कुरतडू लागतं.

ही गोष्ट इतकी पटण्यासारखी आहे की ती सरसकट लावली गेली. केस गेलेलं मांजर दिसलं, पिसू दिसली नाही, की ‘मनाचं आहे’ असं म्हणायचं. कॅनडातले पशुवैद्य स्टीफन वाइसग्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशीच ‘मानसिक’ ठरवलेली २१ मांजरं नीट तपासली आणि २००६ साली निकाल प्रसिद्ध केला. त्यातल्या १६ मांजरांना खाजेचा शारीरिक आजार होता. ३ मांजरांना आजारही होता आणि मनाचंही होतं. निव्वळ मनामुळे चाटणारी निघाली फक्त २. निम्म्याहून अधिक मांजरांना खाण्यातलं काहीतरी सोसत नव्हतं.

मला सांगायचं आहे ते हेच. मांजराच्या ताणाविषयी कळकळ वाटणं चांगलं, पण त्या कळकळीपोटी त्याची खाज दुर्लक्षिली जाऊ नये. क्रम असा असावा: पिसवा, नायटा, खाणं, दुखणं, आणि मग मन. पिसवांसाठी मानेवर टाकायचे मांजरांच्या औषधाचे थेंब घरातल्या प्रत्येक मांजराला द्यावे लागतात. वाकळा, गोणपाट, पोत्यांमागची धूळ हेही साफ करावं लागतं, कारण पिसवांची अंडी आणि अळ्या मांजरावर नसतात, तिथे असतात. नायटा घरातल्या मुलांनाही लागतो, म्हणून तो आधीच तपासावा. ओटीपोटच चाटत असेल तर मूत्राशयाचं दुखणं, एकच सांधा चाटत असेल तर सांधेदुखी असू शकते. खाण्याची परीक्षा म्हणजे आठ आठवडे आधी कधी न खाल्लेलं एकाच प्रकारचं मांस आणि दुसरं काहीही नाही. उंदीर खाणाऱ्या, चार घरचं दूध पिणाऱ्या मांजरावर ही परीक्षा जवळजवळ अशक्य. तरी शक्य तितकं करता येतं, निदान दूध बंद करून बघता येतं. (दूध-भाकरीवर मांजर जगवू नये हे वेगळंच, त्याला मांस लागतंच.) ढोकीहून लातूरमार्गे उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावातल्या दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते, तरी मांजराला आधी त्याच दवाखान्यात न्यावं.

आणि इथे एक गोष्ट कळवळून सांगतो. गोठ्यात गोचिडांवर फवारतात ते औषध, कुत्र्यांची गोचीड-पावडर, रॉकेल, फिनेल यातलं काहीही मांजराच्या अंगाला लावू नका. कुत्र्यांच्या औषधातलं परमेथ्रिन मांजराच्या यकृताला नीट फोडता येत नाही. थरथर, झटके, मृत्यू असा तो प्रवास असतो. माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. शिवाय चाटणारं मांजर अंगावर लावलेलं सगळं पोटात घेतं.

हे सगळं तपासून झाल्यावरही चाटणं चालूच राहिलं, तर घराकडे मांजराच्या नाकानं बघायचं. मांजर चौकटीला, उंबऱ्याला, पोत्याच्या कडेला गाल घासतं तेव्हा गालातल्या ग्रंथींचा वास तिथे लागतो. त्या वासांचा नकाशा म्हणजे त्याचं ‘आपलं घर’. फ्रान्समधल्या पॅट्रिक पाजा यांनी या वासांतली द्रव्यं वेगळी काढली आणि १९९० च्या दशकात त्यातल्या एकाची नक्कल बाजारात आणली. ती ढोकीत मिळेलच असं नाही, पण तत्त्व फुकट वापरता येतं. मांजराच्या गालावरून मऊ फडकं फिरवून ते नवीन कपाटाला, नवीन पलंगाच्या पायाला पुसावं. त्याचं जुनं पोतं धुवू नये.

लपायला जागा हवी. उत्रेख्तच्या क्लॉडिया व्हिन्के यांनी २०१४ मध्ये निवाऱ्यात नव्यानं आलेल्या १९ मांजरांपैकी १० मांजरांना खोकं दिलं, बाकीच्यांना नाही. खोकं मिळालेली मांजरं लवकर शांत झाली. एक रिकामं खोकं! आपल्याकडे कोनाडे, देवळ्या, माळे, रिकाम्या कणग्या होत्याच. सिमेंटच्या घरात भिंती सपाट झाल्या आणि मांजराच्या जागा गेल्या. वर एक फळी लावून द्या, खाली एक खोकं ठेवा, आणि तिथे गेलेल्या मांजराला मुलांनी ओढून काढायचं नाही, एवढा नियम करा. दोन मांजरं असतील तर खायची भांडी एकमेकांना दिसणार नाहीत अशी ठेवा. दोरीला पीस बांधून दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं शिकार खेळवा आणि शेवटी खरंच काहीतरी खायला द्या. शेजारचा बोका रात्री पत्र्यावर ओरडत असेल तर त्याची नसबंदी हाही आपल्या मांजराचाच उपचार आहे. चाटताना मांजराला ओरडू नका. भीती वाढते आणि चाटणं कोपऱ्यात जातं. काही मांजरांना मेंदूवरची औषधंही लागतात. ती पशुवैद्यानंच ठरवायची, आणि त्यांना गुण यायला कित्येक आठवडे लागतात.

केस परत यायला दोन-तीन महिने लागू शकतात. उघड्या जागेवरून बोट उलट्या दिशेनं फिरवून पाहा. खुंट टोचत असतील तर चाटणं चालूच आहे. मऊ टोकं लागली तर मांजर केस वाढू देतंय. मग येते दिवाळी. घर धुतलं जातं, रंग लागतो, गालांचे सगळे वास पुसले जातात, सुतळी बॉम्ब फुटतात, आणि त्याच सुमारास गळीत हंगामाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्याला लागते. मांजरासाठी हे सगळं एकाच आठवड्यात येतं. म्हणून झाडलोटीच्या आधीच एक आतली खोली त्याच्यासाठी राखून ठेवावी. तिथली जमीन पुसावी, पण चौकट आणि त्याचं पोतं तसंच ठेवावं, आणि फटाके सुरू व्हायच्या आत त्याला पाणी, जेवण आणि मातीच्या टोपलीसकट आत घ्यावं.