थोरलंही लेकरूच आहे

लेखमाला : पाळणा आणि अंगण — लेखांक 6

सकाळचे साडेसात. परभणीतल्या एका गल्लीत नळाला पाणी आले आहे. ते रोज येत नाही, म्हणून हंडे, घागरी, बादल्या, प्लॅस्टिकच्या टाक्या सगळे दारात रांगेने मांडलेले. आई भरलेला हंडा उचलायला वाकते आणि साडीच्या झोळीतून तीन महिन्यांचे बाळ टाहो फोडते. त्याच वेळी दोन वर्षांची ताई ज्वारीच्या पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेली असते. केसांवर पीठ, भुवयांवर पीठ. आजी बाळंतिणीच्या खोलीतून हाक देते, "काय करायलीस गं माय?" पीठ उधळत ताई सांगते, "भाकल!"

परभणी, सेलू, मानवत, पाथरी, पूर्णा, कोणत्याही तालुक्यात जावे, पाठोपाठची दोन लेकरे असलेल्या घराची सकाळ थोड्याफार फरकाने अशीच असते. मागच्या लेखांकात पहिल्या बाळाचे पहिले वर्ष पाहिले. दुसरे आले की काम दुप्पट होते, असा सर्वांचा अंदाज असतो. प्रत्यक्षात ते दुपटीहून जास्त वाढते, कारण दोन्ही लेकरांच्या वेळा कधी जुळत नाहीत.

याचा हिशेब मांडता येतो. तान्हे बाळ चोवीस तासांत 8 ते 12 वेळा अंगावर पिते. एका वेळेला वीस ते तीस मिनिटे धरली तरी आईचे चार-पाच तास मांडी घालून बसण्यात जातात. दिवसाला सहा-आठ लंगोट ओले होतात. नवजात बाळ 14 ते 17 तास झोपते, पण तुकड्यातुकड्याने, रात्र-दिवस न ओळखता. दीड-दोन वर्षांच्या मुलाला 11 ते 14 तासांची झोप लागते, त्यातली एक दुपारची. त्याचे पोट लहान असल्याने त्याला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी हलके द्यावे लागते. धाकटे झोपते तेव्हा थोरले उठते. थोरल्याला घास भरवायला बसावे तर धाकट्याला पान्हा हवा असतो. चार हातांचे हे काम असते आणि आईला हात दोनच असतात.

या सगळ्या धांदलीत एक गोष्ट फार लवकर घडते आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरे बाळ घरात आल्या दिवशी पहिले 'मोठे' होते. काल मांडीवर असलेल्या दोन वर्षांच्या मुलाला आज सगळे 'दादा' म्हणू लागतात. "तू आता मोठा झालास ना?" हे वाक्य पाहुणे, शेजारी, मामा, आत्या सगळे एका सुरात म्हणतात. दोन वर्षांचा जीव एका रात्रीत मोठा कसा होणार?

त्याचे उत्तर तो शब्दांत देत नाही, वागण्यातून देतो. लंगोट सुटलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करते. पेल्याने पाणी पिणारे बाटली मागते. स्वतः चालणारे "कडेवर घे" म्हणून जमिनीवर लोळण घेते. बाळाचा पापा घेता घेता मध्येच चिमटा काढते. घरातले म्हणतात, लेकरू हट्टी झाले, द्वाड झाले. बालविकासाचे अभ्यासक या वागण्याला नेहमीचेच मानतात. इच्छा आवरणे, वाट पाहणे, राग गिळणे ही कामे मेंदूच्या पुढच्या भागाची आणि तो भाग पिकायला विशीपलीकडचा काळ लागतो. दोन वर्षांच्या मुलाने "थांब जरा" ऐकावे ही अपेक्षाच त्याच्या वयाला पेलणारी नसते.

इंग्लंडमधील केंब्रिज येथे ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक या संशोधकांनी 40 कुटुंबांचा याच दृष्टीने बारकाईने अभ्यास केला. दुसरे बाळ पोटात असल्यापासून त्यांनी या घरांना भेटी देण्यास सुरुवात केली. 1982 मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. बाळ आल्यावर आईचे थोरल्याशी खेळणे-बोलणे कमी झाले आणि आई धाकट्यात गुंतली असतानाच थोरल्याच्या खोड्या वाढल्या, असे त्यांना दिसले. त्यांचा आणखी एक निष्कर्ष प्रत्येक घराने लक्षात ठेवावा असा आहे. ज्या आया पहिल्या दिवसांपासून थोरल्याशी बाळाबद्दल बोलत होत्या, बाळाला काय हवे असेल, ते का रडत असेल, असे त्यालाच विचारत होत्या, त्या घरांत पुढे भावंडांचे एकमेकांशी जास्त गोडीने जमले.

हे करायला पैसे लागत नाहीत. "गप बस, बाळ झोपलंय" याऐवजी "बाळ रडायलंय, त्याला भूक लागली असंल का रे?" एवढे विचारायचे. दोन वर्षांचे लेकरू गंभीर चेहऱ्याने झोळीत डोकावते आणि निकाल देते, "दुदू." त्या क्षणी ते घरातल्या निर्णयात सामील झालेले असते.

आईचे दूध तुटणे हा थोरल्याच्या वाट्याला येणारा दुसरा धक्का. पुन्हा दिवस गेल्याचे कळताच कितीतरी घरांत पहिल्याचे दूध एका दिवसात तोडले जाते. त्यासाठी कडुनिंबाचा पाला वाटून किंवा कोरफडीचा गर लावला जातो. पोटुशीचे दूध नासते, ही समजूत त्यामागे असते. प्रकृती ठीक असेल, गर्भारपणात काही गुंतागुंत नसेल, तर दूध पाजल्याने पोटातल्या बाळालाही अपाय होत नाही आणि पिणाऱ्यालाही नाही. दोन वर्षे आणि त्यापुढेही अंगावरचे दूध चालू ठेवावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तोडायचेच असेल तर हळूहळू तोडावे आणि ताटातले अन्न त्याच मापाने वाढवावे.

या एका बाबीवर किती अवलंबून असते, हे एका शब्दाच्या जन्मकथेतून कळते. डॉ. सिसिली विल्यम्स या आजच्या घानात काम करीत होत्या. अंगावर सूज, केस तांबूस, कातडी सोललेली, सतत किरकिरी अशी एक ते चार वर्षांची मुले त्यांच्याकडे येत. 1933 मध्ये त्यांनी या आजाराचे वर्णन लिहिले आणि 1935 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याला तिथल्याच 'गा' भाषेतले नाव दिले : क्वाशिओरकर. पुढचे बाळ जन्मले की आधीच्या लेकराला जडणारा आजार, असा त्या शब्दाचा अर्थ. तिथल्या आयांनी रोगाचे कारण त्याच्या नावातच सांगून ठेवले होते. आईच्या कुशीतून उठवलेल्या मुलाच्या पानात फक्त पिठूळ पेज उरते आणि त्याचे शरीर कोसळते.

परभणीच्या स्वयंपाकघरात त्यावरचे उपाय हाताशी आहेत. ज्वारीची भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून केलेला काला, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी वर चमचाभर तेल किंवा तूप घालून, मेथी-पालक घातलेले घट्ट वरण, शेंगदाण्याचे बारीक कूट, चालत असेल तर अंडे. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या सहकार्याने 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण 2018 मध्ये आणले. नेहमीच्या ज्वारीपेक्षा त्यात लोह आणि जस्त जास्त आहे आणि ते देशातले पहिले जैवसंपृक्त ज्वारी वाण आहे. रक्त वाढायला लोह लागते, वाढ आणि प्रतिकारशक्तीला जस्त लागते. ज्या वयात थोरल्याचे दूध तुटते, नेमक्या त्याच वयात त्याला या दोन्हींची गरज मोठी असते. याच विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पूर्वीच्या गृहविज्ञान महाविद्यालयात, मानव विकास व कौटुंबिक अभ्यास असा स्वतंत्र विभागही आहे. मुलांचे वाढणे हा अभ्यासाचा विषय आहे, हे या शहराला नवे नाही.

धोक्याच्या जागाही दोन लेकरांच्या घरात बदलतात. एकटे तान्हे बाळ जिथे ठेवले तिथे राहते. पण त्याच्या शेजारी दोन वर्षांचे प्रेमळ भावंड असले की चित्र वेगळे. ते आपल्या तोंडातला शेंगदाणा काढून बाळाच्या तोंडात घालते, कारण आपल्याला जे आवडते ते बाळालाही द्यावे असे त्याला वाटते. शेंगदाणे, फुटाणे, हरभरे, बोराच्या बिया श्वासनलिकेत अडकण्याचा धोका मोठा असतो. चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती असे टणक दाणे देऊच नयेत, कूट करून द्यावे. झोळीला झोका देण्याचे काम थोरल्याला फार आवडते, पण त्याचा जोर त्याला कळत नाही. आणि पाणी साठवावे लागणाऱ्या घरात भरलेली उघडी बादली ही सर्वांत मोठी धास्ती. लहान मुलाचे डोके जड असते, वाकले की तोल पुढे जातो आणि वीतभर पाणीही जीव घ्यायला पुरते. प्रत्येक टाकीला, बादलीला झाकण हवेच.

आता या घरांतला आनंदही सांगायला हवा, तोही तितकाच खरा आहे.

बाळाचे पहिले खळखळून हसणे पुष्कळदा आईच्या वाट्याला येत नाही. ताईने डोक्यावर टोपले पालथे घातले की ते हसते. थोरल्याचे बोबडे बोल घरातल्या कुणाला कळत नाहीत ते वर्षभराच्या धाकट्याला कळतात. संक्रांतीनंतर बोरन्हाण असते. हलव्याचे दागिने घातलेले बाळ पाटावर, डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, तिळगुळाच्या वड्या सांडताहेत आणि गल्लीतली पोरे झडप घालताहेत. पुष्कळ घरांत थोरल्यालाही त्याच पाटावर शेजारी बसवतात. बाळ बावरून रडण्याच्या बेतात असते, थोरले मात्र दोन्ही मुठी भरून विजयी मुद्रेने उठते. फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात बापाच्या खांद्यावर एक आणि आईच्या कडेवर एक अशी कुटुंबे परभणीत सगळीकडे दिसतात. आकाशपाळण्याच्या दिव्यांकडे पाहताना दोघांचेही तोंड सारखेच उघडे असते.

परभणी जिल्ह्यातले गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. परंपरा सांगते की लहानपणीच त्या पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आल्या आणि तिथे नामदेवांना त्यांनी सांभाळले. स्वतः लेकरू असताना दुसऱ्याचे लेकरू खेळवणाऱ्या जनाबाईंनी पुढे विठ्ठलालाही लेकुरवाळा पाहिले.

जनाबाईंच्या वाट्याला आले ते आजही मुलींच्या वाट्याला येते. गंगाखेड, पालम, जिंतूर या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जोडपी निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'कोयता' म्हणतात. पहाटे फडात जायचे तर तान्हे बाळ कोपीत कुणाजवळ ठेवायचे? उत्तर एकच असते, थोरली. ती कधी सहा वर्षांची असते, कधी चार. तिच्या कडेवरच्या बाळामुळे तिची अंगणवाडी सुटते, मग शाळा सुटते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हाच प्रश्न तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात भेटला होता. 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केल्यावर त्यांना दिसले की वारली मुली शाळेत येऊ शकत नाहीत, कारण धाकटी भावंडे त्यांच्या गळ्यात आहेत. त्यांनी मुलींना दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि त्याला 'विकासवाडी' म्हटले. बहिणीने बाळ पाळणाघरात ठेवायचे आणि शेजारच्या वर्गात बसायचे. पाड्यातल्या अंगणात जाऊन मुलांना शिकवण्याची त्यांची कल्पनाच अंगणवाडी. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तो शब्द देशभर गेला. अंगणवाडीचा लाभ मूळ गावापुरता नसतो. फडाजवळच्या गावातल्या अंगणवाडीतही स्थलांतरित लेकराला आहार आणि लस मिळायला हवी, हे ऊसतोड कुटुंबांना आणि मुकादमांनाही ठाऊक असावे.

दोन लेकरांत अंतर किती असावे, हा प्रश्न शेवटी येतोच. एका बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेपर्यंत किमान 24 महिने जावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईच्या शरीरातले लोह भरून यायला आणि पहिल्याचे दूध सावकाश सुटायला एवढा काळ लागतो. तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळ्या ही गर्भनिरोधक साधने सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. हा निर्णय नवरा-बायकोने मिळून घ्यायचा आहे. घरातले कामही तसेच मिळून करायचे आहे. बापाने एकाला न्हाऊ घालून जेवू घातले तर दुसऱ्याला पाजणाऱ्या आईची पाठ टेकते.

एक गोष्ट याच आठवड्यात करता येईल. धाकट्याला सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याच्या लसीला नेताना थोरले बोट धरून सोबत येतेच, पण त्याचे कार्ड घरी राहते. 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान त्याचे बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो. 'अ' जीवनसत्त्वाचा डोस पाच वर्षांचा होईपर्यंत दर सहा महिन्यांनी असतो. दुसऱ्या बाळंतपणाच्या धावपळीत हेच डोस राहून जातात. म्हणून पुढच्या लसीकरणाच्या दिवशी पिशवीत दोन्ही कार्डे टाकावीत. अंगणवाडीताईंना थोरल्याचेही वजन करायला सांगावे, आणि काट्यावर पहिला नंबर त्याचा लावावा.