वडापावचा व्हिएतनामी भाऊ : ‘बान मी’ तिकडे स्वस्त, मग आपल्याकडे महाग का?

फूड रील्स बघत असाल तर हे दृश्य ओळखीचं असेल. हनोई किंवा हो ची मिन्ह सिटीचा फुटपाथ, काचेची छोटी गाडी, लांबुडका कुरकुरीत पाव. विक्रेती तो मधोमध कापते, आत काहीतरी लावते, गाजर-मुळा, काकडी, कोथिंबीर, मिरची भरते आणि कागदात गुंडाळून हातात देते. हाच ‘बान मी’.

तिकडे गाडीवरचा साधा बान मी साधारण २० ते ३० हजार डोंगला मिळतो. आकडा ऐकून घाबरू नका, आपल्या हिशेबाने ते ७० ते १०० रुपये. तोच मुंबई-पुण्याच्या कॅफेत मेन्यूकार्डवर आला की बऱ्याचदा ३०० रुपयांच्या पुढे जातो. मग मनमाडमध्ये बसून ज्याला तो खायचा आहे त्याने काय करायचं? त्यासाठी आधी तो आला कुठून ते बघू.

‘बान मी’ म्हणजे सरळ अर्थाने गव्हाचा पाव. गंमत म्हणजे व्हिएतनाम भातखाऊ देश, तिथे गहू जवळपास पिकतच नाही. १८५८ मध्ये फ्रेंचांनी तिथे स्वारी केली आणि त्यांच्यामागून त्यांचा लांब पाव, म्हणजे बागेत आला. पीठ बाहेरून यायचं, त्यामुळे सुरुवातीला हा पाव साहेबांच्या टेबलावरचा. लोणी, मांस, चीज वेगवेगळं प्लेटमध्ये आणि पाव बाजूला, अशी खायची पद्धत.

१९५४ मध्ये फ्रेंच गेले, देशाची फाळणी झाली आणि उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत आले. त्यातल्याच एका जोडप्याने सायगावमध्ये ‘होआ मा’ नावाचं दुकान काढलं. १९५८ पासून ते प्रसिद्ध आहे. कामाला, शाळेला निघालेल्या गिऱ्हाइकांना टेबलावर बसायला वेळ नव्हता. म्हणून प्लेटमधलं सगळं पावात भरून हातात द्यायला सुरुवात झाली.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे पाव आणला पोर्तुगीजांनी, बटाटाही त्यांच्याच जहाजांतून आला. आणि १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सांगितलं जातं. गिऱ्हाईक तेच, घाईत असलेलं. मनमाड जंक्शनवर गाडी सुटायच्या आत वडापाव घेऊन डब्यात चढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

थोडक्यात, बान मी स्वस्त झाला तो स्थानिक झाला म्हणून. पाव गल्लीतल्या बेकरीचा, भाजी बाजारातली, मांस थोडंसं. कॅफेत मात्र खास भाजून घेतलेला पाव, बाहेरून आलेले सॉस, एसी आणि जागेचं भाडं हे सगळं आपणच भरतो. महाग असतो तो ‘अस्सल’पणा, आणि मुळात अस्सल बान मी म्हणजे जुगाडच होता.

पण रीलमध्ये न दिसणारी एक गोष्ट आहे. मे २०२४ च्या सुरुवातीला व्हिएतनामच्या डोंग नाय प्रांतात एकाच दुकानाचा बान मी खाऊन ५०० हून अधिक लोक आजारी पडले. शिजवून ठेवलेलं मांस, लिव्हरची पेस्ट, कच्च्या अंड्याचं मेयोनीज हे सगळं उन्हाळ्यात बाहेर राहिलं की धोका वाढतो. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तर तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एक वर्षाची बंदी घातली होती. वडा निदान उकळत्या तेलातून येतो. त्यामुळे मे महिन्यात मनमाडच्या उन्हात गाडीवर उघडं मेयोनीज दिसलं तर सरळ नको म्हणा.

मग स्वस्तातला मार्ग कोणता? ऑम्लेट-पावची गाडी. हा विनोद नाही. व्हिएतनाममध्ये ‘बान मी ओप ला’ हा गरमागरम तळलेल्या अंड्यांचा प्रकार सकाळी आवडीने खाल्ला जातो. अंडं खात नसाल तरी अडत नाही. तिथले अनेक बौद्ध लोक अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास शाकाहार पाळतात, तेव्हा टोफूचा बान मी खातात. आपल्याकडे तव्यावर परतलेलं पनीर चालेल.

खरी चव आहे ती आंबट-गोड गाजर-मुळ्यात, आणि ती घरी करणं अगदी सोपं. एक गाजर आणि एक छोटा मुळा काडीसारखे उभे चिरा. थोडं मीठ-साखर चोळून १० मिनिटं ठेवा आणि पाणी घट्ट पिळून टाका. मग अर्धा कप व्हिनेगर, अर्धा कप कोमट पाणी आणि दोन मोठे चमचे साखर एकत्र करून त्यात बुडवा. तासाभरात तयार. डबा उघडताना मुळ्याचा वास येईल, घाबरू नका.

पावाचं काय? सगळ्यात जवळचा म्हणजे इराणी बेकऱ्यांतला ब्रुन, कडक पाव. नाही मिळाला तर लादीपाव कापून दोन्ही बाजूंनी तव्यावर कडक शेकून घ्या. आत गरम ऑम्लेट, पिळून घेतलेलं गाजर-मुळा, काकडीच्या फोडी, भरपूर कोथिंबीर काड्यांसकट, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि सोया सॉसचे चार थेंब. जमवल्यावर लगेच खा, कारण पाव पाच मिनिटांत मऊ पडतो.