गाळणे, गल्ला आणि कृष्णेचे पाणी

समुद्र म्हटला की सातारा जिल्ह्यातील माणसाच्या डोळ्यांपुढे कोकण उभे राहते. घाट उतरला की गणपतीपुळे, नाहीतर हर्णै, असा आपला सरळ हिशेब. पाण्याचा हिशेब मात्र निराळा आहे. कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूरच्या पेठेत पडलेला पाऊस कमंडलू नदीवाटे कृष्णेस मिळतो. कराडला कोयनेची भेट होते. पुढे सांगली, नरसोबाची वाडी, कर्नाटकातील आलमट्टी आणि नारायणपूर, मग श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा अशी सुमारे १,४०० किलोमीटरची वाट चालून ते पाणी आंध्रातील हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरास मिळते. पेठेतील गटारीत पडलेली पिशवीही याच वाटेने निघते. फरक इतकाच, की वाटेत पाणी जेथे जेथे अडवले आहे तेथे ते संथ होते आणि आपल्याबरोबर आणलेले बरेचसे तळाशी ठेवून पुढे जाते. सरोवरातील प्लॅस्टिक आणि किनाऱ्यावरील प्लॅस्टिक हे दोन वेगळे प्रश्न नव्हेत; एकाच प्रवासातील मुक्काम आहेत.

सांगलीकरांना हा प्रवास दाखवून देण्याची गरज नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले आणि ओसरल्यावर नदीकाठची झाडे पिशव्यांनी लगडलेली दिसली. त्या चिंध्या पुष्कळ दिवस फांद्यांवर फडफडत होत्या. मग हळूहळू दिसेनाशा झाल्या. कोणी काढल्या नव्हत्या. त्या उन्हाने कुजकट होऊन तुकडे तुकडे झाल्या होत्या. प्लॅस्टिक नाहीसे होत नाही, ते बारीक होते. पाच मिलिमीटरहून लहान अशा कणांना सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. प्लिमथ विद्यापीठातील रिचर्ड थॉम्पसन यांनी २००४ साली हे नाव रूढ केले. हरभऱ्याच्या डाळीएवढ्या तुकड्यापासून डोळ्यांस न दिसणाऱ्या धुळीपर्यंत सारे त्यात येते.

मोजदाद आपल्याकडेही झाली आहे. मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतील संशोधकांनी जुहू, वर्सोवा, अक्सा आणि दादर या चार चौपाट्यांची वाळू तपासली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रत्येक चौरस मीटरला सरासरी ६८ हून अधिक प्लॅस्टिकचे तुकडे आढळले आणि त्यांतील सुमारे ४२ टक्के एक ते पाच मिलिमीटर आकाराचे होते. सरोवरांची बातमी केरळमधून आली. वेंबनाड सरोवराच्या तळातील गाळात दर चौरस मीटरला ९६ ते ४९६ कण सापडले. २०१७ सालचा तो अभ्यास भारतातील सरोवराच्या गाळाविषयीचा पहिला. आणि त्या कणांत सर्वाधिक वाटा कशाचा होता? कमी घनतेच्या पॉलिथिनचा, म्हणजे ज्याची पातळ पिशवी होते त्याचा.

गोव्याच्या किनाऱ्यावर आणखी एक प्रकार सापडतो. प्लॅस्टिकच्या धंद्यात ज्याला नुसते ‘दाणा’ म्हणतात, तो साबुदाण्यासारखा पांढरा कच्चा माल नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर तेथील वाळूत येऊन पडतो. तो कोणी वापरून फेकलेला नसतो. वाहतुकीत सांडलेला असतो. मे २०२५ मध्ये ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज कोचीजवळ बुडाले, तेव्हा केरळच्या किनाऱ्यावर अशा दाण्यांचा थर पसरला आणि स्वयंसेवक चाळण्या घेऊन वाळू चाळीत बसले. धान्य चाळणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत; समुद्रकिनारा चाळण्याची वेळ येईल असे कोणास वाटले नसेल.

जे समुद्रात गेले ते तेथेच राहिले असते तर व्यापारी कुटुंबाने त्याचा विचार कशाला करावा, असे कोणी म्हणेल. परंतु ते किराणा मालातून परत येते. मीठ हे समुद्राच्या पाण्याचेच. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१८ साली बाजारातील मिठाच्या नमुन्यांत ६२६ कण मोजले. त्यांतील ३७ टक्के तंतू होते, म्हणजे बहुधा कापडाचे. रोज पाच ग्रॅम मीठ खाणाऱ्याच्या पोटात वर्षाकाठी सुमारे ११७ मायक्रोग्रॅम प्लॅस्टिक जाते, असे त्यांचे गणित. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. तेव्हा घाबरून डबा ओतून देण्याचे कारण नाही. याच संशोधकांनी असेही दाखवले, की मिठागरात घेण्यापूर्वी समुद्राचे पाणी नुसत्या वाळूतून गाळले तरी वजनाने ८५ टक्के कण कमी होतात. पुढे २०२४ साली दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’ संस्थेने दहा प्रकारचे मीठ आणि पाच प्रकारची साखर तपासली. एकही नमुना स्वच्छ निघाला नाही.

वाळूतून गाळण्याची ती गोष्ट वाचली, की आपल्या घरातील गाळण्याची आठवण होणे साहजिक आहे. अनगळ पाणी वापरू नये हा श्रावकाच्या घरचा पहिला नियम. ३६ अंगुळे लांब, २४ अंगुळे रुंद, जाड आणि दुहेरी केलेले वस्त्र, इतका बारकावा त्यात आहे. गाळून झाल्यावर वस्त्रावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी तिच्यातच हळुवार सोडायची, हा त्याचा उत्तरार्ध. हा नियम सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी आहे, प्लॅस्टिकसाठी नव्हे. त्यात आधुनिक विज्ञान आधीच सांगून ठेवले होते असा दावा करण्याची हौस आपल्याकडे असते, ती येथे आवरलेली बरी. पण कापड किती गाळते, याचे उत्तर विज्ञानाने दिले आहे. बांगलादेशातील मतलब भागात ६५ खेड्यांत रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना जुन्या सुती साडीची निदान चार पदरी घडी करून पाणी गाळण्यास सांगितले. पटकीचे जंतू पाण्यातील बारीक जीवांना चिकटून असतात, ते त्या घडीत अडकतात. २००३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले. नव्या कापडापेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेले कापड अधिक उपयोगी ठरले, कारण त्याचे सुटलेले तंतू छिद्रे बुजवतात. अशा घडीचे छिद्र सुमारे २० मायक्रॉनचे भरते.

याचा अर्थ, चार पदरी सुती गाळणे २० मायक्रॉनहून मोठा कण अडवू शकते. त्याहून बारीक कण खुशाल पलीकडे जातो. आणि नळास बांधलेले गाळणे नायलॉनच्या जाळीचे असेल, किंवा पॉलिस्टरच्या जुन्या ओढणीचे, तर ते अडवण्याऐवजी स्वतःचेच तंतू पाण्यात सोडील. गावच्या दुकानांतून आज दहा-वीस रुपयांना मिळणारी नळाची गाळणी बहुतेक याच जातीची असते. नियम पाळल्याचे समाधान तेवढे मिळते.

उकळलेल्या पाण्याविषयीची एक गोष्टही सांगण्याजोगी आहे. चीनमधील ग्वांगझू येथील संशोधकांनी २०२४ साली दाखवले, की जड पाणी उकळले असता त्यातील चुना प्लॅस्टिकच्या कणांभोवती जमतो. मग ते पाणी निवल्यावर साध्या गाळणीतून गाळले तर ९० टक्क्यांपर्यंत कण निघून जातात. हलक्या पाण्यात मात्र हे प्रमाण २५ टक्क्यांवर येते. दख्खनच्या काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी बहुधा जड असते; पातेल्याच्या बुडाशी बसणारा पांढरा थर प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. आपल्या घरी पाणी आधी गाळतात आणि मग उकळतात. ते योग्यच, निवल्यावर ते आणखी एकदा गाळावे, आणि बुडाचा थर ढवळू नये, एवढीच भर घालावी लागेल.

परंतु दुसऱ्यांदा गाळल्यावर वस्त्रावर जे राहील त्याचे काय करायचे? जिवाणी परत विहिरीत सोडता येते, कारण तिचे घर तेथे आहे. प्लॅस्टिकच्या कणास असे घर नाही. वस्त्र मोरीत झटकले की तो पुन्हा कमंडलूच्या वाटेस लागला. म्हणून माझे मत असे, की पाण्याचे गाळणे हा शेवटचा नाका आहे. पहिला नाका दुकानाच्या गल्ल्यापाशी आहे, आणि तेथे बसलेला मनुष्य आपल्यापैकी कोणीतरी असतो.

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक व थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० आणि तिसऱ्यास २५,००० रुपयांसह तीन महिन्यांपर्यंत कैद. व्यापाऱ्यांची तक्रार त्या वेळीही रास्त होती आणि आजही आहे. पिशवी नाकारली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, दंड किरकोळ दुकानदारास होतो, आणि कारखान्यातून आलेला माल तर वेष्टनासहच येतो. जुन्या काळची रद्दीची पुडी हा उपायही सरळ नाही. छपाईच्या शाईत अन्न बांधणे आरोग्यास वाईट, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यास मनाई केली आहे. त्यातच ‘कापडी’ म्हणून जी स्वस्त पिशवी पेठेत आली, ती विणलेली नसतेच. ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच. ६० जीएसएमच्या वर असेल तर केंद्राच्या नियमात ती बसते. महिना-दोन महिन्यांत घडीवर तुटून तिचा चुरा होतो, हे नियमास दिसत नाही. दुकानावर नाव छापून पिशवी वाटायचीच असेल, तर मांजरपाटाची द्यावी. महाग पडते, पण वर्षभर ती गावात दुकानाचे नाव घेऊन हिंडते.

कापडाच्या व्यापाऱ्याचा भाग वेगळा. प्लिमथमध्येच झालेल्या २०१६ च्या एका प्रयोगात सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यातून सुटणारे तंतू मोजले: ॲक्रिलिकचे सात लाखांहून अधिक, पॉलिस्टरचे जवळजवळ पाच लाख, पॉलिस्टर-सुती मिश्रणाचे १ लाख ३८ हजार. शुद्ध सुती माल विका, एवढे सांगून भागत नाही. भाव परवडला पाहिजे. निदान गिऱ्हाइकाने विचारले तर कापड कशाचे आहे ते खरे सांगावे. ‘कॉटन टाइप’ हा शब्द कोणी काढला कोण जाणे!

आणि पेढीवरचा चहा. कागदी कपाच्या आत पॉलिथिनचा पातळ पापुद्रा असतो. खरगपूरच्या आयआयटीने २०२० साली पाहिले, की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटे राहिले तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. दिवसाकाठी दहा गिऱ्हाइकांस आदराने दिलेला चहा! काचेचे सहा पेले आणि ते विसळणारा एक हात, एवढ्यात हा प्रश्न मिटतो.

शरीरात याने काय होते, याविषयी अतिशयोक्ती नको. पिण्याच्या पाण्यातील सध्याच्या प्रमाणाने अपाय होतो असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली म्हटले. पण २०२४ च्या मार्चमध्ये इटलीतील डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतील साका काढलेल्या २५७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १५० जणांच्या साक्यात पॉलिथिन होते, आणि ज्यांच्या साक्यात प्लॅस्टिक सापडले त्यांना पुढील तीनएक वर्षांत हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचे प्रमाण साडेचार पट दिसले. प्लॅस्टिकमुळेच हे झाले असे सिद्ध झालेले नाही, हे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. बैठ्या धंद्यात आयुष्य घालवणाऱ्या आपल्या समाजात हृदयविकार काही परका नाही. तेव्हा ही बातमी कानाआड करण्याजोगी खास नाही.

राहता राहिले समाजाचे भोजनसमारंभ. तेथे पाण्याच्या छोट्या बाटल्यांच्या पेट्या रचलेल्या असतात. दोन घोट घेऊन अर्धी बाटली टेबलावर सोडून दिली जाते. कोलंबिया विद्यापीठाच्या २०२४ मधील अभ्यासात बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरात सरासरी २ लाख ४० हजार कण निघाले, त्यांतील ९० टक्के इतके बारीक की कोणत्याही वस्त्राने अडणार नाहीत. घरी दुहेरी वस्त्राने गाळलेले पाणी पिणारी मंडळी मांडवात हे पाणी पितात. भांडीवाल्याकडे स्टीलचे पेले भाड्याने मिळतात, पाण्याचे मोठे पिंप मिळते, धुण्यास दोन बायका लागतात. पुढील कार्याच्या वेळी व्यवस्थापकांनी पेट्यांचे बिल एका बाजूस आणि भाडे व मजुरी दुसऱ्या बाजूस, असा खर्च मांडून सभेपुढे ठेवावा. उरलेल्या बाटल्या कोठे गेल्या, तो रकानाही त्यात असावा.