धुराच्या नळ्या: एक की दोन?

अमेरिकेत टेक्सास राज्यात स्थायिक झालेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मध्यंतरी एक प्रश्न विचारला. त्याच्याकडे शेव्हरोले सिल्व्हेराडो ही पिकअप गाडी आहे. इंजिन पेट्रोलचे, ५.३ लिटरचे, आठ सिलिंडरचे. इंजिनाच्या डाव्या-उजव्या रांगांतून निघणारे धुराचे दोन फाटे खाली एकत्र येतात आणि पुढे ३ इंची एकच नळी सायलेन्सरमधून मागे जाते. तिथला दुकानदार त्याला म्हणाला, "दोन स्वतंत्र नळ्या बसवा, इंजिन मोकळा श्वास घेईल, ताकद वाढेल." खर्च शेकडो डॉलरचा. "सर, हे भौतिकशास्त्रात बसते का?" असे विचारून त्याने सहज जोडले होते की, मागच्या हौद्यावर टप बसवला आहे आणि सुट्टीत मुले त्यात गाद्या टाकून लोळत येतात.

प्रश्न मोटारीचा असला, तरी उत्तराचा बराचसा भाग शाळेच्या पाठ्यपुस्तकातच आहे. म्हणून तो येथे मांडत आहोत.

धूर किती आणि किती वेगाने?

चार धावांच्या इंजिनात दांड्याच्या दोन फेऱ्यांत सर्व सिलिंडर एकदा भरतात. मिनिटाला ५,००० फेरे असतील, तर ५.३ लिटर हवा २,५०० वेळा आत जाते. म्हणजे मिनिटाला १३,२५० लिटर, सेकंदाला सुमारे २२० लिटर. ही हवा ३०० केल्व्हिन तापमानाची. जळून नळीत येताना धुराचे तापमान ९०० केल्व्हिनच्या आसपास धरू. चार्ल्सच्या नियमानुसार आकारमान तिप्पट, म्हणजे सेकंदाला सुमारे ६५० लिटर झाले. ३ इंची नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की वेग येतो सेकंदाला जवळजवळ १४५ मीटर, ताशी ५०० किलोमीटरहून अधिक! एवढ्या वेगाने वायू ढकलायचा, तर दाब लागणारच. तो दाब पिस्टनला द्यावा लागतो आणि तेवढी ताकद वाया जाते. दुकानदाराच्या म्हणण्यात एवढे तथ्य निश्चित आहे.

पण हा हिशेब पूर्ण जोराचा झाला. महामार्गावर गाडी सावकाश चालते तेव्हा फेरे १,८०० च्या आसपास असतात आणि हवेची झडपही अर्धवट मिटलेली असते. धूर तेव्हा साधारण आठव्या हिश्श्याइतकाच निघतो. दाबातील घट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती चौसष्टाव्या हिश्श्यावर येते. थोडक्यात, रोजच्या प्रवासात नळ्या एक असोत की दोन, इंजिनाला फारसा फरक जाणवत नाही. जड ओझे ओढत घाट चढताना, पूर्ण जोर लावल्यावरच तो दिसेल.

दोन नळ्यांचे गणित

दोन अर्धा इंची नळ्या मिळून एक इंची नळी होत नाही, हे बागेला पाणी घालणाऱ्यालाही ठाऊक असते. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे चार लागतात. शिवाय नळीच्या भिंतीशी घर्षण होते आणि बारीक नळ्यांत भिंत जास्त, पोकळी कमी. खळाळत्या प्रवाहासाठी स्थूलमानाने असे सूत्र मिळते:

दाबातील घट ∝ (प्रवाह)² ÷ (व्यास)⁵

दोन नळ्या केल्या की प्रत्येकीत प्रवाह निम्मा होतो, म्हणून घट पाव होते. ३ इंची एका नळीतील घट १०० मानली, तर तेवढ्याच लांबीसाठी इतर पर्याय असे येतात:

सव्वादोन इंची दोन नळ्या: १०५
अडीच इंची दोन नळ्या: ६२
साडेतीन इंची एक नळी: ४६
३ इंची दोन नळ्या: २५

हे आकडे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावेत. सव्वादोन इंची दोन नळ्या बसवणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही, उलट किंचित तोटाच होतो. आणि साडेतीन इंची एकच नळी अडीच इंची जोडीपेक्षा सरस ठरते. 'दोन' या शब्दात जादू नाही, जे काही आहे ते व्यासात आहे.

वर्गात याचा पडताळा घेता येतो. सारख्या लांबीच्या, सुमारे ३ मीटरच्या, एक इंची एक आणि अर्धा इंची दोन नळ्या घ्याव्यात. भरलेली बादली उंच ठेवून वक्रनलिकेच्या पद्धतीने आधी मोठ्या नळीने आणि मग दोन लहान नळ्यांनी रिकामी करावी. नुसते क्षेत्रफळ पाहिले तर दुसऱ्या खेपेस दुप्पट वेळ लागायला हवा. घर्षणामुळे त्याहून अधिक लागेल.

धुराचे धक्के

धूर पाण्यासारखा सलग वाहत नाही. झडप उघडली की दाबाचा एक धक्का सुटतो आणि ध्वनीच्या वेगाने नळीतून धावतो. तापलेल्या वायूत हा वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर असतो. नळी जिथे एकदम रुंदावते तिथून हा धक्का उलटा होऊन, म्हणजे विरलनाच्या रूपाने परततो. झडप मिटण्याच्या बेताला तो पोहोचला, तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेतो आणि ताज्या मिश्रणाला जागा होते. रुंदावण्याची जागा एक मीटरवर असेल, तर जाऊन येण्यास ३.३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात ३,००० फेऱ्यांना दांडा ६० अंश फिरतो, ५,००० फेऱ्यांना १०० अंश. म्हणजे एक लांबी एकाच गतीला नेमकी लागू पडते.

"इंजिनाला थोडा प्रतिदाब लागतोच," ही समजूत येथूनच आली असावी. फार रुंद नळी बसवली की मंद गतीला जोर कमी झाल्यासारखा वाटतो. त्याचे कारण प्रतिदाब हरवला हे नसते. वायूचा वेग मंदावून आणि लहरींचा मेळ बिघडून ही ओढ कमी होते, हे कारण असते. त्यातही हा मेळ मुख्यतः इंजिनालगतच्या फाट्यांत ठरतो, मागच्या लांब नळीचा त्यात वाटा थोडा.

आता ज्वलनक्रम पाहू. या इंजिनाचा क्रम १-८-७-२-६-५-४-३ असा आहे. विषम क्रमांक डाव्या रांगेत, सम उजव्या. लिहून पाहिले तर: डावा, उजवा, डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, आणि पुन्हा डावा. संपूर्ण इंजिनात दर ९० अंशांना एक धक्का सुटतो. पण एका रांगेपुरते पाहिले तर अंतरे ९०, १८०, २७०, १८० अशी विषम पडतात. दोन नळ्या शेवटपर्यंत वेगळ्या ठेवल्या, तर लागोपाठचे दोन धक्के एकाच नळीत कोंबले जातात आणि शेजारची नळी तेव्हा रिकामी असते. म्हणून दोन नळ्या मध्ये एका आडव्या तुकड्याने किंवा फुलीच्या आकारात जोडतात. अशी जोडणी नसलेली जोडी घेऊ नये.

तोटेही पाहावेत. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. दोन नळ्यांत धूर विभागल्याने त्या उशिरा तापतात, आत पाणी जास्त साचते आणि गंज लवकर धरतो. दुसरी नळी पेट्रोलच्या टाकीजवळून न्यावी लागली, तर उष्णतेचा प्रश्न येतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे तर अमेरिकेत बेकायदेशीर आहे. बदल करायचा तो त्याच्या मागे.

खरा प्रश्न टोकाचा

आमच्या विद्यार्थ्याने न विचारलेला प्रश्न याहून मोठा होता. १९९२ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात सिएटलच्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्या ६८ मुलांपैकी २० मुले पिकअपच्या मागच्या हौद्यात बसून प्रवास करत होती. त्यांपैकी १७ टणक टपाखाली आणि ३ ताडपत्रीखाली. एक मूल दगावले. त्या गाड्यांत धुराची गळती तरी आधीच ठाऊक होती, किंवा नळीचे तोंड बाजूला नसून मागे होते.

कारण साधे आहे. धावत्या गाडीच्या सपाट पाठीमागे हवेचा दाब कमी होऊन भोवरे पडतात. मागे सोडलेला धूर त्यात घुटमळतो आणि फटींतून टपाखाली शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट बांधला जातो. गुंगी आलेले मूल झोपले आहे असेच आईवडिलांना वाटते. कन्व्हर्टरमुळे हा वायू आता खूप कमी झाला आहे. पण थंड इंजिनात कन्व्हर्टर नीट काम करत नाही, आणि त्याच्या पुढे गळती असेल तर त्याचा उपयोगच नाही.

आम्ही कळवले ते असे: ओझे ओढत नसशील तर आहे ती नळी राहू दे. बदलायचीच असेल तर साडेतीन इंची एक, किंवा जोडणीसह अडीच इंची दोन. तोंडे मागच्या चाकापलीकडे, हौद्याच्या कडेबाहेर बाजूला काढ, हौद्याखाली सोडू नकोस. प्रत्येक सांधा तपासून घे. आणि नळ्या कितीही असोत, मुलांना पुढे आसनावर पट्ट्यात बसव.

आपल्याकडेही वऱ्हाड आणि सहलीची मुले ताडपत्री बांधलेल्या टेम्पोत बसतात. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड कमी असला, तरी काजळी असते. पेट्रोल किंवा गॅसवरची गाडी असेल तर धोका अधिक. सहलीची गाडी ठरवताना शिक्षकांनी एकदा वाकून धुराची नळी कुठे उघडते ते जरूर पाहावे.